स्टाफ नंबर नसलेलं पान

वैजयंती मोहरीलला राग येत नाही, असं तिला ओळखणारे सांगतात. साफ खोटं! राग तिला येतो, चांगला सणसणीत येतो. पण चौतीस वर्षं तो गिळायची सवय लागलेली, त्यामुळे चेहऱ्यावर पोचेपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन घरी गेलेला असतो. त्या दिवशी मात्र रजनीकाकूंनी मोबाईल तिच्यापुढे धरला आणि विचारलं, "वैजू, मी उपलब्ध नाही म्हणजे काय गं?" तेव्हा राग वाटेत कुठे थांबला नाही.

ही वैजयंती म्हणजे बरखेड्याच्या मोठ्या कारखान्यातली रिटायर्ड ट्रेसर. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, ते इथलेच झाले. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं उतरवून द्यायचा, हे ट्रेसरचं काम. पुढे कॉम्प्युटर आले. ड्रॉइंग ऑफिसातल्या निम्म्या पुरुषांचे डोळे अचानक दुखायला लागले आणि ही बाई पदर खोचून पुढे बसली. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात मंजूर करणाऱ्याची ऐसपैस सही, तपासणाऱ्याची त्याच्याखाली, आणि ज्याच्या हातून सगळं उतरलं त्याची दोन अक्षरं कुठेतरी सांदीत. चौतीस वर्षं ही सांदीत राहिली. रिटायर झाल्यावर अयोध्या नगरात दोन खोल्यांचं घर घेतलं. एकटी राहते, आणि त्याबद्दल कुणी हळहळलेलं तिला खपत नाही.

रजनीकाकू पिंपळखुटे तिच्या जुन्या शेजारीण. बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत, आणि आता अयोध्या नगरात दोन गल्ल्या सोडून. वय ब्याऐंशी. नवरा दिगंबर कारखान्यात फिटर होता, तो जाऊन बारा वर्षं झाली. काकूंनी स्वतः कधी नोकरी केली नाही. त्यांनी काय केलं ते बरखेड्यातल्या जुन्या लोकांना विचारा. विदर्भातून, पुण्यातून, कुठून कुठून पोरं नोकरीवर यायची, होस्टेलात राहायची. रविवारी रात्री होस्टेलची मेस बंद. मग पिंपळखुट्यांच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात पंगत बसायची. पातोडीचा रस्सा, गोळाभात, कढी, ज्वारीच्या भाकरी. एक रविवार नाही, दोन नाही, तब्बल एकोणीस वर्षं. त्या अंगणातल्या पंगतीतूनच पुढे वैनगंगा स्नेहमंडळ निघालं, आणि ही गोष्ट मंडळाच्या कुठल्याही कागदावर नाही.

यंदा मंडळाला पन्नास वर्षं झाली. पन्नास वर्षं झाली की माणसं पूर्वी स्मरणिका काढायची, आता वेबसाइट काढतात. एका एजन्सीला काम दिलं. त्या पठ्ठ्यांनी काय करावं? मंडीदीपच्या कुठल्याशा फॅक्टरीसाठी बनवलेली तयार थीम उचलली, वरचं नाव बदललं आणि दिली चिकटवून. 'आपली माणसं' असा एक विभाग त्यात होता. मंडळ ज्यांच्या जिवावर उभं राहिलं त्या एकशे एकेचाळीस माणसांचं प्रत्येकी एक पान. सगळी पानं एकाच साच्यातून निघालेली. वर गोलात फोटो, त्याखाली पदनाम, विभाग, स्टाफ नंबर, निवृत्तीचं वर्ष, आणि मग साठ शब्द. एजन्सी गेली आणि पुढचं सांभाळायला कॉम्प्युटर येणारं माणूस म्हणून वैजयंतीला बसवलं.

साहेबलोकांची पानं त्या साच्यात झकास बसली. काकूंचं पान उघडलं तर काय? फोटोच्या जागी टाय लावलेल्या बिनचेहऱ्याच्या पुरुषाची करडी आकृती. खाली पदनाम: उपलब्ध नाही. विभाग: उपलब्ध नाही. स्टाफ नंबर: उपलब्ध नाही. निवृत्ती: उपलब्ध नाही.

"अहो काकू, ती मशीन आपोआप लिहिते," वैजयंती म्हणाली.

"हो का? मला वाटलं मी गेले की काय!" काकू खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "सोळा तारखेला तुम्ही ते मोठ्या पडद्यावर दाखवणार ना सगळ्यांना? नागपूरला योगिनीला सांगून ठेवलंय मी. म्हटलं, आईचं नाव येणार आहे, बघ हो मोबाईलवर. साडीसुद्धा काढून ठेवलीय, ती महेश्वरी. आता हे असंच दिसेल का गं?"

"नाही," वैजयंती म्हणाली. "हे असं दिसणार नाही."

बोलून तर बसली. पण करायचं कसं? तिनं आयुष्यभर नकाशे केलेले, वेबसाइट नव्हे. यूट्यूबवर इंदूरचा एक माणूस हिंदीतून शिकवायचा. दर वाक्याआधी "तो दोस्तों" म्हणायचा आणि मुद्द्याला दहा मिनिटांनी हात घालायचा. वैजयंतीनं वही काढली, चष्मा चढवला आणि त्याच्या दोस्तांत सामील झाली. चौथ्या दिवशी तिला कळलं की थीम एक असली तरी प्रत्येक पानाला त्याची स्वतःची मांडणी देता येते. नवी मांडणी बनवायची, तिला नाव द्यायचं, आणि पानाच्या उजव्या पट्टीत एक बारीकशी खिडकी असते तिच्यातून ती निवडायची. बाकीच्या पानांना धक्का लागत नाही. एवढं सोपं! मग एकशे एकेचाळीस माणसांना एका मापाचा सदरा कशाला घातला होता? घालणाऱ्यांना सोयीचं, म्हणून.

काकूंच्या पानासाठी तिनं पंगत मांडली. समोरासमोर नावांच्या दोन लांब रांगा, मधे वाढणाऱ्याला जायला वाट. काकू अंगणातल्या खाटेवर बसून नावं सांगायच्या, ही लिहून घ्यायची. तीन आठवडे चाललं ते. दोनशे चौदा नावं निघाली. कुणाचं पद काकूंना ठाऊक नव्हतं. कोण काय खायचं ते मात्र सगळं पाठ. 'गोपीनाथ कावळे, वर्धा. भात दोनदा, कढी तीनदा.' 'परीक्षित बोकारे, अमरावती. जेवल्यावर भांडी घासायला बसायचा, ऐकायचा नाही.' वैजयंतीनं शब्दाचाही फेरफार केला नाही. काकू म्हणाल्या तसं, जसंच्या तसं.

आणि इथे तिनं जी चूक केली ती चौतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढलेल्या बाईनं करायलाच नको होती. मूळ नकाशाला हात लावायचा नाही, त्याची प्रत काढायची आणि जे काय खोडायचं ते प्रतीवर खोडायचं, हा तिथला पहिला धडा. नव्या पोरींना तो तिनंच शिकवलेला. पण घाईत, हौसेत म्हणा, तिनं पंगत नव्या मांडणीत न करता थेट थीमच्या मूळ साच्यातच केली आणि 'अपडेट' दाबून भाजी आणायला गेली. परत येते तो अकरा मिस्ड कॉल. साइटवरच्या एकशे एकेचाळीस जणांच्या पानांवर पंगत! रिटायर्ड जनरल मॅनेजर शैलेंद्र भागवत, मंडळाचे अध्यक्ष, यांच्या पानावरसुद्धा. वर साहेबांचा गोल फोटो आणि खाली दोन लांबच लांब रिकाम्या रांगा, एक माणूस जेवायला नाही.

तिनं अर्ध्या तासात ते सावरलं. मूळ साचा होता तसा केला, पंगतीची वेगळी प्रत काढली, ती फक्त काकूंच्या पानाला लावली. मग साहेबांना फोन केला.

"वैजयंतीबाई, हा काय पोरखेळ?"

"चूक झाली साहेब. दुरुस्त केलीय."

"ती पिंपळखुटेबाईंच्या पानावर अजून दिसतेय."

"ती चूक नाहीये. ती तिथेच राहणार आहे."

"एका संस्थेची एक शिस्त असते," साहेब म्हणाले. "सगळी पानं एकसारखी हवीत. नोकरीत असताना तुम्ही माझ्याशी असं बोलला नसतात."

"नसतेच बोलले. आता रिटायर झालेय ना!"

तिनं फोन ठेवला. भीती होतीच की, नव्हती कशी म्हणणार? या माणसाच्या सहीनं तिची रजा मंजूर व्हायची एके काळी. पण तरीही तिनं लगेच दुसरं पान उघडलं. म्हटलं, एकसारखी हवीत काय? बघतेच!

मंडळाचा सेक्रेटरी हेमंत आठल्ये. त्याचे वडील विश्वासराव कारखान्याच्या शॉपमध्ये ओव्हरहेड क्रेन चालवायचे, जमिनीपासून चाळीस फुटांवर, एकटे, दिवसभर. त्यांचं पान तिनं उंच केलं. उघडलं की आधी मोकळी जागाच जागा, वर केबिनमधून डोकावणारा एक छोटा माणूस, आणि बोटानं सरकवत खाली खाली गेलं की जमिनीवरची माणसं आणि त्यांनी सांगितलेल्या आठवणी. अपर्णा देशकर कमिटीत आहे. तिची आई सिंधूताई कारखान्याच्या दवाखान्यात नोकरीला होती, गणपतीत दहा दिवस पेटी वाजवायची, आणि तिला फोटो काढून घेणं मुळीच आवडत नसे. त्या पानावरून वैजयंतीनं फोटोची जागाच उडवली. वर आवाज, जुन्या कॅसेटवरून उतरवलेला, आणि खाली दोनच ओळी. असं करत करत अडतीस पानं झाली. ज्यांना जुना साचा बरा वाटत होता, त्यांना तोच ठेवला. बळजबरी तिनं कुणावर केली नाही, हे लक्षात घ्या. ती साहेबांची पद्धत.

लोकांचे फोन यायला लागले. आमच्या अण्णांचं पण करा ना, आमच्या मामींचं राहिलं. आणि एक पत्र आलं, मंडळाच्या लेटरहेडवर. सर्व पानांची मांडणी पूर्ववत एकच करावी, आणि ज्यांना स्टाफ नंबर नाही त्यांची पानं काढून टाकावीत. स्टाफ नंबर नाही अशी अख्ख्या साइटवर एकच व्यक्ती होती. नाव घालायची हिंमत पत्रात नव्हती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला, बरखेड्याच्या हॉलमध्ये कमिटी बसली. पडदा लावलेला, प्रोजेक्टर चालू. वैजयंती लॅपटॉप घेऊन टेबलाशी. भागवतसाहेब उभे राहून बोलले. साहेब वाईट माणूस नाही हो, आणि बोलतात तर फारच छान. मंडळाची प्रतिष्ठा, पाहुणे येणार, एकच पोशाख, एकच शिस्त. हात वर करा म्हणाले. सातातले पाच हात वर गेले. हेमंतचा गेला. अपर्णाचा अर्ध्यापर्यंत गेला, तो मोजला गेला.

"ठीक आहे," वैजयंती म्हणाली. "ठराव झाला. इथेच करते, सगळ्यांसमोर. कुणापासून सुरुवात करू?"

"क्रमानं घ्या. अकारविल्हे."

"मग आधी आठल्येच." तिनं विश्वासरावांचं पान उघडलं. पडद्यावर वरपासून खालपर्यंत ती मोकळी जागा आणि टोकाला केबिनमधला छोटा माणूस. तिनं उजव्या पट्टीतली खिडकी उघडली, 'मूळ मांडणी' निवडली आणि बटण दाबलं. पान क्षणात आखडलं. गोल फोटो. पदनाम: ऑपरेटर, श्रेणी दोन. साठ शब्द झाले तिथे वाक्य मधेच तुटलेलं.

हेमंत खुर्चीतून उठलाच. "वैजूताई, ये क्या... नाही, नाही. बाबांचं राहू द्या ना. पहिल्यासारखं करा."

"तुझा हात वर होता, हेमंत."

"होता. आता खाली आहे!"

तिनं पान पहिल्यासारखं केलं. "पुढे देशकर," ती म्हणाली.

"माझ्या आईच्या पानाला हात लावलात तर बघा," अपर्णा म्हणाली, वैजयंतीला नव्हे, साहेबांना. मग बाकीच्यांकडे वैजयंतीनं एकेक करून पाहिलं. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी पंखा. पाचातले किती हात अजून वर आहेत, असं तिनं विचारलं नाही. गरज नव्हती.

साहेब लाल झाले होते. "मांडणीचं राहू द्या," ते म्हणाले. "तो प्रश्न नंतर. पण नियम तो नियम. स्टाफ नंबर नाही तिथे पान नाही. कुठेतरी रेघ मारावी लागते. उद्या कुणीही येऊन म्हणेल, आमचं पान घाला."

"स्टाफ नंबर कारखान्याचा आहे साहेब. मंडळ कारखान्याचं कधी झालं?"

"वाद नको. ते पान काढा."

आता सांगा, काय करावं या बाईनं? चौतीस वर्षांची सवय अशी की वरच्यानं म्हटलं की हात आपोआप चालतो. उद्या सकाळी काकू महेश्वरी नेसून पुढच्या रांगेत बसणार. नागपूरला योगिनी मोबाईल उघडून बसणार. आणि पडद्यावर काकू नसणारच, उपलब्ध नाही एवढंही नाही. मग तिनं रजनीकाकूंचं पान पडद्यावर उघडलं, खुर्ची मागे सारली आणि उभी राहिली.

"मी काढणार नाही," ती म्हणाली. आवाज चढला होता आणि तो तिनं उतरवला नाही. "उद्या मला या कामावरून काढा, परवा मंडळातून काढा, माझी तक्रार नाही. पण हे पान माझ्या हातून जाणार नाही. हा माऊस. तुमच्या हातानं काढा. उजवीकडे खाली लाल अक्षरांत 'कचऱ्यात टाका' असं लिहिलंय. एकदा दाबलं की झालं."

"वैजयंतीबाई—"

"पण काढण्याआधी वाचा. तुम्ही हे पान उघडून पाहिलंत, वाचलेलं नाही. नुसत्या रांगा बघून तुमचा पारा चढला."

साहेब टेबलाशी आले, बसले. त्यांनी माऊस हातात घेतला. बाण त्या लाल अक्षरांकडे निघाला खरा, पण सगळे बघत होते, आणि एकदम दाबलं तर न वाचता दाबलं असं होणार. म्हणून त्यांनी पान सरकवायला सुरुवात केली. दहा फुटांच्या पडद्यावर दोन रांगा खालून वर जायला लागल्या. कावळे, वर्धा. बोकारे, अमरावती. हॉलमध्ये कुणीतरी "अरे, कावळे!" म्हणालं. साहेबांची जिवणी आवळलेली होती. यातले किती तरी त्यांच्या हाताखाली पुढे काम करून गेले असणार.

उजव्या रांगेत सव्विसाव्या जागी बाण थांबला. वैजयंतीला ती जागा ठाऊक होती. ती ओळ तिनंच टाइप केली होती आणि पुसावी असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. आता पडद्यावर ती सगळ्यांनाच वाचता येत होती.

'शैलेंद्र भागवत, पुणे. पहिल्या रविवारी दोन घास खाल्ले आणि रस्सा तिखट आहे म्हणून रडला. रस्सा तिखट नव्हता.'

कुणी हसलं नाही. हेमंतनं मान खाली घातली. साहेबांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचली. त्यांना बावीस वर्षांचा, पुण्याहून पहिल्यांदाच घर सोडून आलेला, कुणाच्यातरी मागच्या अंगणात पाटावर बसलेला तो पोरगा कुणी समोर आणून उभा करील, असं स्वप्नातही वाटलं नसणार. वैजयंतीनं कीव केली नाही, समजूतही घातली नाही. माऊस त्यांच्या हातात होता, लाल अक्षरं जागच्या जागी होती, आणि ती उभी होती.

"नव्हता तिखट," भागवतसाहेब म्हणाले, आणि माऊस तिच्याकडे सरकवला.